वाचकांचे प्रश्न : ‘द एक्सपान्स’मधलं विज्ञान किती खरं?

प्रश्न : ‘द एक्सपान्स’ या अवकाशातल्या विज्ञानकथा-मालिकेत सगळं शास्त्रशुद्ध दाखवलंय असं माझं मत आहे. सेरेसवर डिटेक्टिव्ह मिलर ग्लासात दारू ओततो तेव्हा धार वाकडी पडते. एवढा बारीक विचार दुसऱ्या कुठल्या मालिकेत पाहिला नाही. मित्र मात्र म्हणतो, ते चूक आहे. कोण बरोबर? (वाचक, सातारा)

उत्तर : दिशा बरोबर आहे, माप चुकलंय. सेरेस हा लघुग्रह गरागरा फिरवून त्याच्या पोटात कृत्रिम गुरुत्व निर्माण केलंय, अशी कथेतली कल्पना. फिरत्या जागेत बाटलीतून सुटलेला थेंब सुटतानाच्या वेगाने सरळ रेषेत जातो, पण खालची फरशी अक्षापासून अधिक लांब असल्यामुळे किंचित जास्त वेगाने पुढे सरकते. म्हणून थेंब मागे पडल्यासारखा दिसतो. हाच कोरिऑलिस परिणाम.

आता आकडे घालून पाहू. सेरेसची त्रिज्या सुमारे ४७० किमी. कथेप्रमाणे पृष्ठभागाजवळ ०.३ जी (पृथ्वीच्या गुरुत्वाच्या ०.३ पट) मिळवायचं, तर सेरेसचं स्वतःचं ०.०३ जी गुरुत्व उलट्या दिशेने ओढतं तेही भरून काढावं लागेल. त्यासाठी एक फेरी साधारण ४० मिनिटांत व्हायला हवी. बाटली ग्लासाच्या ३० सेंमी वर धरली, तर थेंब खाली यायला ०.४५ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो जेमतेम पाव मिलिमीटर सरकतो. डोळ्यांना दिसणारही नाही. मिलरची खोली अक्षाच्या जवळ, कमी गुरुत्वाच्या थरात धरली, तरी विचलन मिलिमीटरच्या आतच राहतं.

पडद्यावर दिसते तशी वाकडी धार हवी असेल तर फिरणारी जागा लहान लागते. ६७ मीटर त्रिज्येचा ड्रम मिनिटाला दोन फेऱ्या मारत असेल तर तिथेही ०.३ जीच मिळतं, पण विचलन जवळजवळ दोन सेंटिमीटर होतं, म्हणजे अरुंद ग्लासातून बाहेर सांडेल इतकं. एखाद्या अवकाशस्थानकावर हे दृश्य चपखल बसलं असतं. तरीही ते दाखवायचं धाडस केल्याबद्दल निर्मात्यांचं कौतुक करायलाच हवं. फिरत्या जागेत वस्तू सरळ खाली पडत नाही, हे हजारो प्रेक्षकांना त्या एका दृश्यातून कळलं.

पहिल्याच भागात सेरेसवरचा पक्षी पंख अगदी सावकाश हलवत तरंगतो, ते मात्र बिनचूक आहे. हवा पुरेशी दाट आणि वजन कमी, मग फडफडायची गरज उरत नाही.

प्रश्न : मुळात सेरेस असा फिरवता येईल का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. आज सेरेसला स्वतःभोवती फिरायला सुमारे ९ तास लागतात. ४० मिनिटांत फिरवला, तर विषुववृत्तावर बाहेर फेकणारा जोर त्याच्या गुरुत्वाच्या अकरापट होईल. सेरेस बर्फ आणि खडकाचा आहे, आणि दोन्ही दाबापुढे टिकतात पण ताणापुढे पटकन तुटतात. इथे ताण खडकाच्या ताकदीच्या शंभरपटीहून अधिक होतो. आधी सैल माती-दगड उडतील, मग गोलाच फुटेल. लघुग्रहावर वस्ती करायचीच असेल तर तो न फिरवता त्याच्यात पोलादी ड्रम बसवून फक्त ड्रम फिरवावा. कथेत हा पर्याय ठेवला असता तर काहीच बिघडलं नसतं.

प्रश्न : यान अर्ध्या वाटेत उलटं का फिरतं? आणि मंगळ खरंच दोन-तीन दिवसांत गाठता येईल? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, ठाणे)

उत्तर : या मालिकेतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच. अवकाशात ब्रेक नसतो. निम्मा प्रवास वेग वाढवायचा, मग इंजिन बंद करून शेपूट पुढे करायची आणि उरलेला निम्मा प्रवास तेवढ्याच जोराने वेग कमी करायचा. इंजिन चालू असताना माणूस फरशीवर उभा राहू शकतो. म्हणूनच रोसिनान्टे या यानात मजले एकावर एक रचलेत आणि इंजिन तळाशी आहे. इंजिन बंद झालं की चुंबकी बूट लागतात.

हिशेब घरी करता येईल. अंतराला त्वरणाने भागा, वर्गमूळ काढा, दोनने गुणा. मंगळ जवळ असताना अंतर ५.६ कोटी किमी. १ जी त्वरणाला (दर सेकंदाला वेगात ९.८ मीटर प्रतिसेकंद वाढ) ४२ तास, ०.३ जीला ७७ तास. १ जीने गेल्यास मधल्या टप्प्यावर वेग सेकंदाला ७४० किमीच्या आसपास. किलोमीटरचे मीटर करायला विसरू नका, उत्तर बहुतेकदा तिथेच चुकतं. आपल्या मंगळयानाला पृथ्वीची कक्षा सोडल्यावर सुमारे दहा महिने लागले होते, कारण त्याने बहुतेक वाट इंजिन बंद ठेवून कापली.

खरी सूट घेतली आहे ती इंजिनात, कथेतल्या ‘एपस्टाईन ड्राइव्ह’मध्ये. ५०० टनांचं यान १ जीने ढकलायचं आणि झोत सेकंदाला १०,००० किमीने सोडायचा, असं धरलं तर सुमारे २४ टेरावॅट शक्ती लागते, म्हणजे जगातल्या सगळ्या वीजकेंद्रांच्या सरासरी निर्मितीच्या सातपट. त्यातली एक टक्का उष्णता जरी यानात मुरली तरी ती २४० गिगावॅट होते. मे २०२४च्या उन्हाळ्यात सगळ्या भारताची विजेची कमाल मागणी जवळपास तेवढीच होती. ही उष्णता बाहेर टाकायला प्रचंड रेडिएटर, म्हणजे उष्णता प्रारणाने फेकणारे पत्रे, लागतील, आणि रोसिनान्टेवर ते दिसत नाहीत. एक अशक्य इंजिन मान्य करा, मग पुढचं बरंचसं नियमाने चालतं. मालिकेची धुरा सांभाळणारे नरेन शंकर यांची कॉर्नेल विद्यापीठाची पीएचडी उपयोजित भौतिकशास्त्रातली आहे, हे जाणवतं.

प्रश्न : पात्रं थेट बोलत का नाहीत? सारखे रेकॉर्ड केलेले संदेश का? (वाचक, नाशिक)

उत्तर : संदेश प्रकाशाच्या वेगाने जातात, आणि प्रकाशालाही वेळ लागतो. पृथ्वीपासून मंगळापर्यंत ३ ते २२ मिनिटं, गुरूच्या गॅनिमीड या चंद्रापर्यंत अर्ध्या तासाहून जास्त. हे एकतर्फी. युद्धाचे निर्णय शिळ्या बातमीवर घ्यावे लागतात आणि कथेतले कितीतरी गैरसमज त्यातूनच जन्मतात.

प्रश्न : तीन भाग बघून सोडून दिली. पात्रं भरमसाठ, बेल्टरांची (लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या लोकांची) भाषा कळत नाही. (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : चौथा भाग बघा. त्यातल्या लढाईपासून गाडी रुळावर येते. तोवर तीन बाजू लक्षात ठेवा: संयुक्त राष्ट्रांची पृथ्वी, लष्करी शिस्तीचा मंगळ आणि दोघांकडून पिळला जाणारा लघुग्रहांचा पट्टा. बेल्टरांची बोली निक फार्मर या भाषातज्ज्ञाने बांधली आहे. सबटायटल चालू ठेवा आणि शब्द सुटला तर हाताच्या खुणा पाहा. स्पेससूटमध्ये चेहरा दिसत नाही म्हणून हे लोक हातांनी बोलतात. आणि पहिल्या सीझनशेवटी थांबू नका, ती गोष्ट दुसऱ्याच्या पाचव्या भागात पुरी होते.

प्रश्न : सहावा सीझन सहाच भागांचा, शेवट अर्धवट. पैसे संपले म्हणून गुंडाळली का? (वाचक, पुणे)

उत्तर : पृथ्वी, मंगळ आणि पट्टा यांचं भांडण सहाव्या सीझनमध्ये मिटतं, त्यामुळे मुख्य गोष्ट पुरी झाली आहे. अर्धवट राहतो तो लॅकोनिया ग्रहाचा धागा. मूळ कादंबऱ्या नऊ आहेत, मालिका सहाव्यापाशी थांबते, आणि सातवी कादंबरी सुमारे तीस वर्षांनंतर सुरू होते. म्हणजे थांबायला याहून योग्य जागा नव्हती. मग लॅकोनियाची दृश्यं त्या सहा भागांत घालायलाच नको होती, तो वेळ ड्रमर या बेल्टर कप्तानाच्या ताफ्याला द्यायला हवा होता.