वाचक विचारतात : खरूज गेली, जबड्याखालची सूज का जात नाही?

प्रश्न : शेळ्यांना आयव्हरमेक्टिन टोचलं. खरूज गेली, पण दोघींच्या जबड्याखालची सूज तशीच आहे, पापण्याही पांढुरक्या झाल्यात. चराई भातखाचरांच्या कडेनं असते. औषध बनावट असेल का?

उत्तर : खरूज गेली, म्हणजे औषध बनावट नसावं. आपण सगळे जंत एकाच दावणीला बांधतो, पण त्यांचं आपसातलं नातं फार लांबचं आहे. खरजेचे किडे आणि पोटातले गोलकृमी हे दोघंही कात टाकत वाढतात. जनुकांची तुलना करून १९९७ मध्ये अशा प्राण्यांचा एक गट मांडला गेला. पर्णकृमी आणि पट्टकृमी चपट्या कृमींत मोडतात आणि वंशावळीत ते गोगलगायींना अधिक जवळचे. आयव्हरमेक्टिन चेता-स्नायूंच्या पेशींतल्या ज्या क्लोराइड वाहिन्या (क्लोराइड आत सोडणारी सूक्ष्म दारं) उघडून किडे आणि गोलकृमी लुळे पाडतं, तिथे चपट्या कृमींवर त्याची मात्रा चालत नाही.

पाणथळ चराई म्हटल्यावर पहिला संशय यकृतातल्या पर्णकृमीचा. त्याची पिल्लं गोगलगायीत वाढतात, मग काठच्या गवताला चिकटून शेळीच्या पोटात जातात. मात्र रक्तपिपासू गोलकृमी हिमॉन्कसमुळेही हीच लक्षणं दिसतात, आणि तो औषधाला सरावलेला असू शकतो. म्हणून ताजी लेंडी तपासायला द्या, आणि तिथे आवर्जून सांगा : मिठाच्या द्रावणात तरंगवण्यासोबत गाळ बसवूनही पाहा. पर्णकृमीची अंडी जड असतात, मिठाच्या पाण्यात वर येत नाहीत. अहवाल 'निरंक' येतो तो बहुधा इथेच चुकतो. लागण नवी असेल तर गाळातही अंडी सापडणार नाहीत, कारण कृमी वयात यायलाच तीन-चार महिने लागतात. ऑक्सिक्लोझानाइड फक्त प्रौढ पर्णकृमी मारतं, ट्रायक्लाबेंडाझोल पिल्लंही मारतं. निवड आणि मात्रा पशुवैद्यकांनी ठरवावी. वजन मात्र काट्यावर करा, अंदाजानं नको. कमी मात्रेतून वाचलेले कृमीच पुढची पिढी घालतात.

गोलकृमी निघाले तर औषधाआधी आणि १४ दिवसांनी अंडी मोजून घ्या. घट ९५ टक्क्यांहून कमी असेल तर ते औषध तुमच्या गोठ्यात निकामी होऊ लागलंय.

प्रश्न : दीड महिन्याच्या करडांची हगवण जंताच्या औषधानं थांबत नाही.

उत्तर : कॉक्सिडिया तपासा. तो कृमी नाहीच, एकपेशीय जीव आहे, मलेरियाच्या परजीवीचा भाऊबंद. त्याला अँप्रोलियम किंवा सल्फा गटातलं औषध लागतं. जमीन कोरडी ठेवा, गव्हाणी उंच बांधा. करडं लेंड्यांत पाय देऊन खात असतील तर औषध वाया जातं.