मित्रराष्ट्राशी मैत्री असावीच लागते असं नाही

एका वाचकांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. 'मित्रराष्ट्र' आणि 'दोस्त राष्ट्र' यांत फरक आहे का? शब्द जोडून लिहायचा की तोडून? आणि हल्ली बातम्यांत कुठल्याही देशाला मित्रराष्ट्र म्हणतात, ते बरोबर आहे का?

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते ऐकून कान किटले आहेत. बरोबर नाही. दोन देशांचे प्रमुख गळ्यात गळे घालतात आणि निवेदक लगेच 'आपल्या मित्रराष्ट्राचे' म्हणून सुरू होतो. अहो, करार कुठाय? एकावर हल्ला झाला तर दुसऱ्याने काय करायचं, हे कुठे लिहून ठेवलंय? नसेल, तर त्या देशाला स्नेही म्हणा, शेजारी म्हणा, मोठं गिऱ्हाईक म्हणा. नाटोतले देश एकमेकांची मित्रराष्ट्रं आहेत, कारण १९४९च्या करारातलं पाचवं कलम सांगतं की एकावरचा सशस्त्र हल्ला हा सगळ्यांवरचा हल्ला समजला जाईल. त्या कलमात लोभाचा एक शब्द नाही. ग्रीस आणि तुर्कस्तान १९५२ पासून या करारात आहेत. १९७४ मध्ये सायप्रसवरून दोघे हातघाईवर यायच्या बेतात होते, तरी करारातून बाहेर कोणीच पडलं नाही. मैत्रीचा पत्ता नव्हता, मित्रराष्ट्रपण शाबूत होतं.

आता शब्दाकडे. मित्र म्हणजे सखा, सोबती, सूर्य हे अर्थ सोडून देतो. कुठल्याही कोशात मिळतील. गंमत शब्दाच्या शेपटीत आहे. शस्त्र, नेत्र, पात्र, वस्त्र, यंत्र, मंत्र. हा 'त्र' साधनाचा प्रत्यय. ज्याने कापायचं ते शस्त्र, जे वाट दाखवत नेतं ते नेत्र, ज्यातून प्यायचं ते पात्र. तर मित्र हेही साधन! म्हणून तर संस्कृतात 'सखा' पुल्लिंगी, पण 'मित्रम्' नपुंसकलिंगी. आपण मराठीत त्याला 'तो मित्र' करून टाकलं आणि पुरावाच बुजवला.

साधन कशाचं, इथून भांडण सुरू होतं. यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या जुन्या ग्रंथात, एक व्युत्पत्ती दिली ती अशी की प्रमीतीपासून, म्हणजे मरणापासून, तारतो तो मित्र. ऐकायला छान, पटायला कठीण. दुसरी परंपरेत जास्त रुळलेली: 'मिद्' म्हणजे स्निग्ध होणे, स्नेह करणे. म्हणजे मित्र आणि मेद एकाच धातूचे. आपले कोशकार पिढ्यान्‌पिढ्या हेच उतरवून घेत आले आहेत आणि 'त्र'चं काय करायचं हा प्रश्न कोणी विचारत नाही.

१९०७ मध्ये आंत्वान मेये या फ्रेंच भाषापंडिताने सांगून टाकलं की 'मित्र' म्हणजे मुळात करार, आणि मित्र नावाचा देव म्हणजे मूर्तिमंत करार. पॉल थीमे या वेदाभ्यासकाने ही बाजू पुढे हिरिरीने लढवली. दुसरे वेदाभ्यासक यान गोंडा यांना ती मान्य नव्हती. त्यांचा मित्र हा स्नेहाळ, सौम्य, जुळवून घेणारा देव. गोंडांच्या वाचनापुढे आपण कोण? पण या एका शब्दापुरते ते चुकले असं मी म्हणणार, आणि माझा साक्षीदार मातीच्या विटेवर बसलेला आहे.

मेयेचा लेख आला त्याच १९०७ साली ह्यूगो विंकलर याने बोगाझक्योयच्या उत्खननाची हकिकत छापली. हे आजच्या तुर्कस्तानातलं गाव, म्हणजे हित्ती साम्राज्याची राजधानी हत्तुशा. तिथल्या कीलाकार लिपीतल्या विटांत एक तह निघाला, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातला. एका बाजूला हित्ती सम्राट शुप्पिलुलिउमा, दुसऱ्या बाजूला शेजारच्या मितानी राज्याचा शत्तिवाझा. हा शत्तिवाझा परागंदा राजपुत्र; सम्राटाने त्याला आपली मुलगी दिली, गादीवर बसवलं आणि तहात बांधून घेतलं. तहाच्या साक्षीला देवांची लांबलचक यादी. तिच्यात मितानीच्या बाजूने उभे कोण? मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य, म्हणजे आपले अश्विनीकुमार.

आता मला सांगा, मांडलिकाकडून शपथ घेताना स्नेहाळ देव कशाला बोलावतील? तिथे हवा जामीन. शपथ मोडलीस तर तुझाच देव तुझं नरडं धरील, हा त्या यादीचा अर्थ. आणि वरुण शेजारी असतोच, हातात पाश घेऊन. मित्र करार बांधतो, वरुण मोडणाऱ्याला बांधतो. जोडी उगाच नाही जमलेली.

ऋग्वेदात एकट्या मित्राचं एकच सूक्त आहे, तिसऱ्या मंडलातलं एकोणसाठावं. सुरुवात: 'मित्रो जनान् यातयति ब्रुवाणः'. 'यातयति' म्हणजे रांगेला लावतो, ज्याला त्याला आपापल्या जागी ठेवतो. 'जनान्' म्हणजे नुसती माणसं नव्हेत, जनसमूह, टोळ्या. 'आंतरराष्ट्रीय व्यवस्था' हा आजचा बोजड शब्द ज्यासाठी वापरतात, ते वैदिक कवीने दोन शब्दांत उरकलं आहे: जनान् यातयति.

पण माझा खरा जीव अडकलाय तो अवेस्तात, पारशांच्या धर्मग्रंथात. तिथे मित्र हा 'मिथ्र' आहे, आणि तोच शब्द देवाचं नाव म्हणूनही येतो आणि करार या अर्थानेही येतो, बिनदिक्कत. त्यातल्या मिहिर यश्तात, म्हणजे मिथ्राच्या स्तोत्रात, सुरुवातीलाच म्हटलंय की करार मोडणारा अख्ख्या देशाचा नाश करतो. पुढे: करार मोडू नकोस, मग तो सत्यपंथी सधर्म्याशी केलेला असो की असत्याच्या मागे जाणाऱ्याशी, कारण मिथ्र दोघांसाठी आहे. परधर्मीयाला दिलेला शब्दही शब्दच, हे कोणी धर्मनिरपेक्ष वकील सांगत नाहीये, धर्मग्रंथ सांगतोय. त्याच यश्तात पुढे कराराचं बळ चढत्या भाजणीने मोजलंय. सोबत्यांमध्ये वीसपट, नवराबायकोत पन्नासपट, सासरा-जावयात ऐंशीपट (इथे कोणाला काय वाटायचं ते वाटो), बापलेकात शंभरपट. मग उडी: दोन देशांमध्ये हजारपट. आणि धर्माच्या बाबतीत दहा हजारपट. साम्राज्य आणि धर्म यांचं गणित इतक्या उघडपणे फार थोड्या ठिकाणी मांडलेलं सापडेल.

हाच मिथ्र फारसीत 'मिह्र' झाला, आणि तिथेही मराठीसारखंच झालं: कराराचा गोड पाक होऊन अर्थ आला माया, लोभ. आपले मेहेरबान, मेहेरनजर हे त्याच घरचे. दक्षिणेतल्या मराठे संस्थानिकांच्या नावामागे इंग्रजी अमदानीत 'मेहेरबान' लागत असे. व्युत्पत्तीने पाहिलं तर पदवी फार चपखल: करार राखणारा.

यावरून 'मैत्री करार' हा शब्दप्रयोग किती विनोदी आहे ते पाहा. पिवळा पीतांबर! ९ ऑगस्ट १९७१ च्या भारत-सोव्हिएत कराराला आपण हेच म्हणतो. त्याच्या नवव्या कलमात, हल्ला झाला किंवा त्याचा धोका आला तर दोघांनी तातडीने सल्लामसलत करून योग्य ते उपाय करावेत, असं होतं. धावून यावंच असं नव्हतं. तेव्हा नावात मैत्री भरपूर, पण मित्रराष्ट्रपण अर्धंमुर्धं. फार ताणत नाही.

'मित्र'मधला 'मि' कुठला, यावर काही पंडित 'देवघेव करणे' हा धातू पुढे करतात. मला तो बाजारी वाटतो. माझं मत 'बांधणे' या अर्थाकडे. ग्रीकमध्ये 'मित्रा' शब्द आहे, अर्थ कमरेचा किंवा डोक्याचा पट्टा. तोच पुढे बिशपांच्या उंच टोपीचं नाव झाला. त्या शब्दाच्या मुळाबद्दल ग्रीक कोशकार हात झटकतात, पण मला ते नातं सोडवत नाही. कारण शांततेचे शब्द पाहिले तर ठिकठिकाणी बांधाबांधच दिसते. 'संधी' म्हणजे एकत्र ठेवणं, सांधणं. लॅटिनमधला 'पाक्स', रोमन साम्राज्याची ती सुप्रसिद्ध शांतता, त्याचं मूळ 'घट्ट बसवणे, जखडणे'. आणि त्याच मुळापासून आपल्याकडे आलाय 'पाश'. होय, वरुणाच्या हातातला. ऑगस्टस स्पेन आणि गॉलच्या मोहिमांवरून परतला तेव्हा रोमच्या सेनेटने त्याच्या सन्मानार्थ या पाक्सची वेदी उभारायचं ठरवलं, आणि इ.स.पू. ९ मध्ये ती अर्पण झाली. कुठे? मार्स या युद्धदेवाच्या नावाच्या मैदानावर. शांतता देवी, जागा युद्धदेवाची, दोर सम्राटाच्या हाती. जिंकलेल्यांना या शब्दाची व्युत्पत्ती शिकवावी लागली नसेल.

कौटिल्याकडे तर मित्र ही भावना उरलेलीच नाही. राज्याच्या सात अंगांत स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड यांच्यानंतर सातवं अंग मित्र. म्हणजे खजिना, फौज आणि मित्र एकाच यादीत. आणि तो कोण हे भूगोल ठरवतो: लागून असलेला तो अरि, म्हणजे शत्रू, त्याच्या पलीकडचा तो मित्र. एक जागा मात्र अशी आहे की तिथे हा कोरडा माणूस चकित करतो. जुने आचार्य म्हणत, शपथेवरचा संधी, म्हणजे तह, डळमळीत. जामीन किंवा ओलीस घेतला तरच तो टिकाऊ. कौटिल्य म्हणतो, नाही. शपथेचा संधी इहलोकी आणि परलोकी दोन्हीकडे बांधतो. जामीन आणि ओलीस फक्त इथल्यापुरते, आणि तेही तुमच्या अंगात बळ असेल तोवर. हत्तुशाच्या विटेवरचे देव इथे पुन्हा भेटतात. कौटिल्याला निव्वळ धूर्त म्हणणाऱ्यांनी हे पान वाचलेलं नसतं.

'तुझे मित्र ते माझे मित्र, तुझे शत्रू ते माझे शत्रू' हे करारातलं वाक्यही जुनंच. इ.स.पू. ४७८ च्या सुमाराला ग्रीक नगरराज्यांनी इराणी साम्राज्याविरुद्ध हीच शपथ घेतली, लोखंडाचे गोळे समुद्रात बुडवून: हे वर तरंगतील तेव्हाच करार सुटेल. खजिना डेलॉस बेटावर, अपोलोच्या पवित्र जागी. मग संघातलं नॅक्सॉस बेट बाहेर पडू पाहतं तर अथेन्स त्याला ठोकून पुन्हा आत घेतं. इ.स.पू. ४५४ मध्ये खजिनाही अथेन्सला गेला. मित्रसंघाचं साम्राज्य झालं, लोखंड अजून तळाशीच. आणि हेच वाक्य ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात पहिल्या कलमात बसलेलं आहे, कायमच्या स्नेहाच्या ग्वाहीसकट. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरात त्याबरोबर तैनाती फौज पडली. सोळा वर्षांनी पेशवाईच राहिली नाही.

हां, दोस्त राहिला. तो खरा प्रेमाचा शब्द. प्राचीन इराणीत 'दौश्तर', संस्कृतातल्या 'जुष्'चा भाऊ: आवडणे, चव घेणे, रमणे. म्हणजे ज्याचा सहवास गोड लागतो तो दोस्त. आणि मराठीने हा शब्द कोणाला दिला? दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटन, अमेरिका आणि सोव्हिएत संघाला! चर्चिलला स्टालिनची गोडी लागली होती असं कोणी म्हणणार नाही. १९४२ मध्ये ब्रिटन आणि सोव्हिएत संघाने वीस वर्षांचा करार केला, पश्चिम जर्मनी नाटोत जाताच १९५५ मध्ये मॉस्कोने तो रद्द केला. खरं तर ती मित्रराष्ट्रं. पण 'दोस्त राष्ट्रे' इतकं रुजलंय की आता हलवू नका. त्या युद्धापुरतं ते विशेषनाम समजा.

त्यांनी स्वतःला काय म्हटलं हे मात्र विसरू नये. १ जानेवारी १९४२ रोजी २६ देशांनी जाहीरनामा काढला, शत्रूशी कोणी परस्पर तह करायचा नाही म्हणून, आणि त्या युद्धगटाचं नाव ठेवलं संयुक्त राष्ट्रे. जगाची संघटना निघाली तेव्हा हेच नाव पुढे आलं. जपानीत युद्धातल्या या गटाला म्हणतात 'रेंगोकोकू', आणि संघटनेला वेगळंच 'कोकुसाई रेंगो'. चिनीत मात्र संघटनेचं नाव त्याच तीन चिन्हांनी लिहितात ज्यांनी जपानी माणूस युद्धकाळात शत्रुगट लिहीत असे. या संघटनेच्या १९४५ च्या सनदेत देव साक्षीला नाहीत, पण ५३ आणि १०७ या कलमांत 'शत्रुराष्ट्र' अजून आहे. काढून टाकायचं २००५ मध्ये ठरलं होतं. मजकूर तसाच आहे.

शब्द जोडून लिहायचा. 'मित्रराष्ट्र'. 'दोस्त राष्ट्रे' सुटं चालतं.