नव्या गाडीच्या अलॉय चाकांसाठी सुरुवातीला एवढंच करा

पॉलिश, सिरॅमिक कोटिंग, महागडे किट तूर्त बाजूला ठेवा. कंपनीच्या अलॉयवर रंगाच्या वर पारदर्शक लॅकरचा पातळ थर असतो. जपायचा आहे तो हाच.

पुढच्या चाकांवर जास्त दिसणारी काळी पूड ब्रेक पॅड आणि डिस्क झिजून येते. त्यात लोखंडाचे कण असतात. ते तसेच राहिले आणि ओल लागली, की तपकिरी ठिपके पडतात आणि मग सहजी निघत नाहीत. म्हणून दर आठ-पंधरा दिवसांनी चाकं धुवाच.

- रिम हाताला गार लागेपर्यंत थांबा, तापलेल्या रिमवर शाम्पू वाळून डाग राहतात.
- आधी नुसत्या पाण्याने माती-खडे पाडा, मगच कार शाम्पू आणि मऊ ब्रश. नटांच्या खाचा विसरू नका.
- चाकांची बादली आणि फडकं वेगळं ठेवा. तेच फडकं बॉनेटवर फिरलं तर ओरखडे ठरलेले.

तारेची घासणी आणि फरशीचं अ‍ॅसिड कधीच नको. वॉशिंग सेंटरवाल्यालाही आधीच बजावा. डायमंड कट अलॉय (दर्शनी भाग मशीनवर कापून चकचकीत केलेले) असतील तर जास्तच जपा: लॅकर उडाला की पाणी आत शिरतं आणि पांढरट रेघा पसरत जातात.

धुऊन झाल्यावर छोटी चक्कर मारून हलके ब्रेक लावा, डिस्क कोरड्या होतील.