डुब्बेल या गडद बेल्जियन बिअरसाठी घरी केलेली गडद साखर कडू का होते?

आपली तक्रार वाचताच ओळखीची वाटली. लिंबाचा रस घालून पाक केला, तो १५० अंशांपर्यंत नेला, रंग फिकट राहिला म्हणून आणखी तापवला आणि वीस लिटर डुब्बेलला शेवटी जळकट कडवटपणा आला, असे आपण लिहिले आहे. मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवणे), यीस्ट आणि भांड्यांची स्वच्छता आपल्याला ठाऊक आहेच असे धरून फक्त साखरेविषयी लिहितो.

माझे सर्वाधिक नुकसान एका दुकानाने केले. त्याचे नाव घेत नाही. तेथे ‘बेल्जियन गडद साखर’ म्हणून तांबूस खडे भरमसाट दराने विकले जात आणि बेल्जियममधले बिअर करणारे मठवासी हेच वापरतात, असे विक्रेता छातीठोकपणे सांगत असे. ते खडे गरम पाण्यात विरघळवले तेव्हा जेमतेम पातळ चहाइतका रंग आला. ती खडीसाखर होती, रंगाचा हलका हात फिरवलेली. बिअर फिकी आणि पाणचट झाली, दुकानाला कळवले, तर आपले यीस्ट अशक्त असेल, असे उत्तर मिळाले. गडद बेल्जियन बिअरचा रंग आणि स्वाद घट्ट, काळ्या पाकातून येतो, तर ट्रिपेलसारख्या सोनेरी बिअरला साधी पांढरी साखर पुरते. बेल्जियममधल्या वेस्टमालच्या मठाने १९३४ मध्ये ट्रिपेल आणली, तिच्यासाठी कोणालाही महागडे खडे विकत घेण्याचे कारण नाही. ज्या दुकानात हा फरक सांगत नाहीत, तेथून निदान साखर तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपल्या कडवटपणाकडे वळू. लिंबाने साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे विभाजन होते, त्यामुळे पाक साखरत नाही, हे खरे. परंतु आम्लामुळे पाक गडद होण्याची ती क्रिया मंदावते, जिच्यातून मनुका, खजूर आणि अंजिराची आठवण करून देणारा स्वाद येतो. त्या क्रियेला साखरेबरोबर नायट्रोजनयुक्त पदार्थ लागतो आणि ती किंचित अल्कधर्मी पाकात जोमाने चालते. नुसत्या साखरेला उष्णता देत राहिलो, तर आधी टॉफीचा आणि मग कोळशाचा स्वाद हाती लागतो. आपण नेमके तेच केलेत.

मी अर्धा किलो साखर, अर्धी वाटी पाणी आणि यीस्टचे खाद्य म्हणून मिळणारे डायअमोनियम फॉस्फेट पाऊण चहाचा चमचा एवढेच घेतो. लिंबू घालत नाही. मिश्रण मध्यम आचेवर १४३ अंशांच्या आसपास नेले की ते लालसर तपकिरी होते. मग वाटीभर कढत पाणी थोडे थोडे घालून ११५ पर्यंत, म्हणजे गोळीबंद पाकापर्यंत, खाली आणायचे आणि पुन्हा वर न्यायचे. प्रत्येक फेरीत रंग गडद होतो आणि वास मनुकांकडे झुकतो. खाण्याचा चुना चिमूटभर पाण्यात कालवून घातल्यास काम लवकर होते, मात्र तेव्हा अमोनियाचा उग्र वास सुटतो, म्हणून खिडकी उघडी हवी. चुना वापरणार असाल तर ॲल्युमिनियमचे पातेले घेऊ नका. जाड बुडाचे, पाकाच्या चौपट मापाचे स्टीलचे घ्या, कारण फेस अंगावर येईल इतका उसळतो. मुलांना त्या वेळी स्वयंपाकघरात येऊ देऊ नये, कारण चिक्कीच्या पाकाने भाजलेला हात काय असतो, हे आपल्याकडच्या घरांना सांगायला नको.

थर्मामीटरपेक्षा मी पांढऱ्या बशीवर विश्वास ठेवतो: थेंब टाकला, थंड झाला की चाटून पाहायचा. जिभेवर आधी गोडवा आणि मागून किंचित कडसर चव राहिली, तर आच बंद करावी. कडवटपणा आधी आला, तर तो पाक बिअरमध्ये जाऊ देऊ नये.

काहींना गूळ सुचतो. तो स्टाउट या काळ्या बिअरमध्ये शोभतो, पण त्याची खारट, मातकट चव डुब्बेलमध्ये वर येते, असे मला वाटते. इतरांचे मत वेगळे असू शकते. साखरेचे प्रमाण एकूण आंबवण्याजोग्या घटकांच्या दहा ते वीस टक्क्यांपलीकडे नेऊ नये. वीस लिटरमध्ये एक किलो साखर घातली, तर सुरुवातीचे गुरुत्व (आंबवण्यापूर्वीची पाण्याच्या तुलनेतली घनता) सुमारे ०.०१९ ने वाढते, त्यावरून आपला हिशेब आपणच करावा.

हे सारे आपण अमेरिकेत आहात म्हणून लिहिले. तेथे १९७८ च्या कायद्याने घरगुती वापरासाठी बिअर करण्याला केंद्रीय पातळीवर मुभा मिळाली. महाराष्ट्रातल्या वाचकांनी १९४९ चा दारूबंदी कायदा आधी पाहावा, येथे परवान्याविना मद्य बनवणे गुन्हा आहे.

पाक वर्टमध्ये, म्हणजे आंबवण्यापूर्वीच्या माल्टच्या गोड द्रवात, घालताना आच बंद करून ढवळत घाला, नाहीतर तो तळाला बसून पुन्हा करपेल.