आधी ऐकू येऊ दे

वाचकांचे प्रश्न, एका संवादलेखिकेची उत्तरं

माझ्याकडे दीडशे पानांची मालिकेची कथा तयार आहे. तीन पिढ्यांचं कुटुंब, चाळ, पुनर्विकास. चॅनेलला थेट पाठवू का? आणि कल्पना चोरली तर काय करायचं?
– एक वाचक, लालबाग

दीडशे पानं कपाटात ठेवा. फेकू नका, मालिका मिळालीच तर तिसऱ्या महिन्यात त्यातलं पान अन् पान लागेल. पण आज ती कुणी वाचणार नाही. एका पानात गोष्ट मांडा. मुख्य चार-पाच पात्रं, प्रत्येकाला आठ-दहा ओळी. पहिल्या महिन्याचा ढोबळ ट्रॅक, म्हणजे गोष्ट कशी पुढे सरकते ते. आठवड्याला सहा भाग धरले तर साधारण २६ भाग होतात. आणि दोन सीन, पूर्ण संवादांसकट. माझा अनुभव असा की वाचणारा आधी सीनच उघडतो. ते आवडले तरच मागे वळून गोष्टीकडे येतो.

तुमच्या पत्रात बिल्डर आहे, सह्या आहेत, ट्रान्झिट कॅम्प आहे. सही कुणाला करायची नाहीये आणि का, हे मात्र एका ओळीतही नाही. समजा, सुनेला घरात स्वतःचा संडास हवाय आणि सासूला भिंतीपलीकडची शेजारीण सोडवत नाहीये. दोघींचंही बरोबर आहे. यावर दोनशे भाग निघतील, बिल्डर नुसता फोनवर असला तरी चालेल.

आता चोरी. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती मांडलीत कशी त्यावर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच हे स्पष्ट केलंय. तेव्हा एका नाटककाराने चित्रपटवाल्यांवर दावा लावला होता आणि तो हरला. म्हणून ‘चाळीवर मालिका’ ही तुमची मालमत्ता नाही, तुमची सासू आणि तिचे संवाद ही आहे. अंधेरी पश्चिमेला स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, तिचे सभासद झालात की लिखाण ऑनलाइन नोंदवता येतं. नोंदणीमुळे हक्क निर्माण होत नाही, तो लिहिलंत तेव्हाच झालेला असतो. पण कोणत्या तारखेला काय लिहिलं होतं याचा पुरावा हातात राहतो. आणि कथा चहाच्या टपरीवर तोंडी ऐकवू नका. ईमेल करा.

मी बँकेत नोकरी करतो, वय ४१. लेखनाची आवड आहे. नोकरी सांभाळून मालिका लिहिता येईल का? की रेडिओपासून सुरुवात करू?
– एक वाचक, डोंबिवली

आमच्याकडेही ‘बँक’ असते. तयार एपिसोडची. ती बहुतेक वेळा बुडालेलीच असते, त्यामुळे रात्री अकराला फोन येतो : उद्या गोरेगावला सातची शिफ्ट आहे, काकांचं काम करणारा नट तापाने पडलाय, दोन सीनमधून काका काढा. मग काकांची वाक्यं काकूंच्या तोंडी घालायची, आणि ती काकूंची वाटली पाहिजेत. सकाळी ८.१४ ची लोकल पकडणाऱ्या माणसाने रोजच्या मालिकेचे संवाद अंगावर घेऊ नयेत.

रेडिओ मात्र जरूर. मानधनावर घर चालणार नाही, पण तुमचं घर बँक चालवतेय. माझी स्वतःची सुरुवात श्रुतिकेनेच, म्हणजे रेडिओवरच्या नाटिकेनेच झाली. पहिली संहिता घेऊन चर्चगेटला उतरले, आकाशवाणीपर्यंत चालत गेले आणि आठ दिवसांनी ती लाल पेन्सिलीने माखून परत आली. मी कंसात लिहिलं होतं, ‘ती त्याच्याकडे रागाने बघते.’ शेजारी निर्मात्यांनी लिहिलं होतं, ‘कोणाला दिसणार?’ दुसऱ्या पानावर चार माणसं जेवायला बसली होती, त्यातला धाकटा भाऊ दोन पानं गप्प. समासात शेरा : ‘हा गेला कुठे?’

तेव्हा राग आला होता. पण रेडिओवर गप्प बसलेला माणूस खोलीतून नाहीसाच होतो, हे त्या दिवशी कळलं. तो आहे हे दाखवायचं तर त्याला ठसका लागू दे, वाटी सरकवू दे, नाहीतर कुणीतरी त्याला ‘तू का रे गप्प?’ म्हणू दे. एकाच वयाच्या दोन बायका एका प्रवेशात आणल्या तर एकीची भाषा मालवणकडची करा किंवा तिला अर्धं वाक्य बोलून थांबायची सवय लावा, नाहीतर ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो. जागा आवाजाने सांगा. ‘आपण आता स्टेशनवर उभे आहोत’ असं जगात कुणी कुणाला सांगत नाही. आकाशवाणीवरच्या कौटुंबिक श्रुतिकांमधलं टेकाडे भावजी हे पात्र; ते आमच्या आईला घरातले वाटायचे, कारण दार वाजवण्याआधीच ते कसे बोलणार हे तिला ठाऊक असायचं.

हे सगळं टीव्हीत कसं उपयोगी पडतं? आई रेडिओ ऐकत पोळ्या लाटायची. पुढे टीव्ही आला तरी तिचं लाटणं थांबलं नाही. मालिका बाहेरच्या खोलीत चालायची, ती आतून ऐकायची आणि फक्त भांडण सुरू झालं की पीठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहायची. मी आजही प्रत्येक सीन लिहून झाला की मोठ्याने वाचते आणि विचारते, आई आतून ऐकत असती तर तिला कळलं असतं का? आणि ती दारात कुठल्या वाक्याला आली असती?

अर्ध्या तासाच्या मालिकेत जाहिराती वजा जाता साधारण बावीस मिनिटं हाती लागतात. तेवढ्यात तिला दोन-तीनदा तरी दारात आणायचं असतं.

तुम्ही पंधरा मिनिटांची एक श्रुतिका लिहा. तीन पात्रं, एक जागा. बँकेतलीच लिहा, काउंटरच्या अलीकडची. ते तुमच्याइतकं मला येणार नाही.

पटकथालेखनाचा कोर्स करू का? फी बरीच आहे.
– एक विद्यार्थिनी, बोरिवली

कर्ज काढून करू नकोस. तुझ्या कॉलेजात एकांकिका बसते ना? तालमीत जा, आधी चहा सांग, मग प्रॉम्प्टिंग कर, मग कुणीतरी म्हणेल हे वाक्य जमत नाहीये, बदलून दे. २५ जानेवारीची रात्र ‘सवाई’ एकांकिका स्पर्धेला जागून काढ आणि प्रेक्षक कुठे खोकतात ते लिहून ठेव.

सहा महिने एका मालिकेला संवाद-सहायक आहे. करार नाही, श्रेयनामावलीत नाव नाही, निम्मे पैसे अडकलेत. मागितले तर काम जाईल अशी भीती वाटते.
– नाव न देण्याची विनंती

माझे ३१ भागांचे पैसे एका निर्मात्याकडे बुडाले. मालिका एका शुक्रवारी बंद झाली आणि सोमवारी त्यांचा फोन लागेना. करार माझ्याकडेही नव्हता. ‘आपण घरचेच आहोत’ असं ते म्हणायचे, आणि मी संवादलेखिका असूनही ते वाक्य मला खरं वाटलं.

प्रसारणानंतर ६० ते ९० दिवसांनी पैसे येणं ही या धंद्यातली रीतच आहे, त्यामुळे अडकलेले आणि उशिराचे आधी वेगळे करा. मिळालेल्या पैशांतून टीडीएस कापलाय का बघा. कापून भरला असेल तर तो प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या पॅनखाली दिसतो. म्हणजे त्यांनी तुम्हाला कामाचे पैसे दिले याची नोंद सरकारदरबारी आहे. रात्री पाठवलेले सीन, व्हॉट्सॲपवरचे ‘हे बदल’ सगळं जपा, फोन बदललात तरी. स्क्रीनरायटर्स असोसिएशनची तंटे सोडवणारी समिती आहे, पण तिथेही कागदच लागतात.

पुढचा करार होईल तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. हक्क किती वर्षांसाठी दिले हे लिहिलेलं नसेल तर कॉपीराइट कायदा पाच वर्षं धरतो. म्हणून ‘कायमस्वरूपी’ हा शब्द दिसला की थांबून विचारा. श्रेयनामावलीत नाव कुठे आणि कसं येणार, तेही लिहून घ्या.

काम जाण्याच्या भीतीचं म्हणाल तर ती खरी आहे, मी खोटा धीर देणार नाही. पण ज्याला उद्याचे सीन हवेत तो आज लेखक काढत नाही. मागायचं तर एपिसोडची बँक रिकामी असताना मागा. भाग क्रमांक, प्रसारणाची तारीख, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम अशी यादी करून कार्यकारी निर्मात्याला ईमेल करा, हिशेबाच्या माणसाला प्रत जाऊ द्या. ईमेलमध्ये ‘कृपया’ एकदाच लिहा.