हॉलमधला कॅमेरा आणि भाड्याच्या खोलीतला खासगीपणा

प्रश्न : मी मूळची सांगली जिल्ह्यातली. पुण्यात नोकरी करते आणि कोथरूडला एका ज्येष्ठ दांपत्याच्या फ्लॅटमध्ये पेइंग गेस्ट म्हणून राहते. एक बेडरूम माझी, दुसरी काका-काकूंची. हॉल, स्वयंपाकघर आणि बाथरूम सामाईक. दिवाळीत त्यांचा कॅनडातला मुलगा आला होता. जाताना तो हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक फिरणारा कॅमेरा बसवून गेला. आई-वडिलांच्या काळजीपोटी बसवला, हे मला समजते. पण त्यातून माझ्या खोलीचे दार आणि बाथरूमकडे जाणारा बोळ दोन्ही दिसतात. अंघोळ करून रोज त्याच्यासमोरूनच यावे लागते. मागच्या आठवड्यात काकू सहज म्हणाल्या, ‘रात्री दीडला फ्रीज उघडलास का गं? दादा फोनवर सांगत होता.’ तेव्हापासून घरात वावरताना अवघडल्यासारखे होते. शिवाय मी ऑफिसला गेल्यावर काकू दुसऱ्या किल्लीने माझी खोली उघडून आवराआवर करतात. परवा कपाटातल्या कपड्यांच्या घड्यासुद्धा बदललेल्या होत्या. लेखी करार नाही आणि अनामत रोख दिलेली आहे. मी आजारी असताना काकूंनी पेज करून दिली होती. त्यांना दुखवायचे नाही आणि खोलीही सोडायची नाही. कायदा माझ्या बाजूने आहे का, आणि बोलू कसे?
– नाव न छापण्याची विनंती, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगळे हक्क एकमेकांत मिसळले आहेत. एक हक्क त्या खोलीत राहण्याचा आणि दुसरा तिथे राहत असताना कुणाच्या सतत नजरेखाली न राहण्याचा. पहिला हक्क तुमच्या बाबतीत नाजूक आहे, हे आधीच सांगते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार पेइंग गेस्ट म्हणजे, परवाना देणारा स्वतः ज्या जागेत राहतो त्या जागेचा काही भाग परवान्याने मिळालेली, त्याच्या कुटुंबाबाहेरची व्यक्ती. आणि याच कायद्याने ‘लायसन्सी’च्या, म्हणजे परवान्याने जागा वापरणाऱ्याच्या, व्याख्येतून पेइंग गेस्टला वगळले आहे. त्यामुळे स्वतंत्र फ्लॅट अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर घेणाऱ्याचे जे स्थान असते, ते जसेच्या तसे तुमचे नाही. उद्या त्यांनी खोली सोडायला सांगितली, तर भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ६३ प्रमाणे निघण्यासाठी आणि सामान हलवण्यासाठी वाजवी मुदत मिळाली पाहिजे, एवढे मात्र तुम्ही ठामपणे म्हणू शकता.

दुसरा हक्क या व्याख्येवर अवलंबून नाही, आणि भाडेकरू मुली नेमक्या इथेच विनाकारण माघार घेतात. ‘घर त्यांचे आहे, आपण काय बोलणार’ हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे. घर त्यांचे आहे हे खरेच. पण त्या घरात तुम्ही कधी उठता, कधी पाणी पिता, कुणाशी फोनवर काय बोलता, याची नोंद त्यांच्या मालकीची होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. तो हक्क प्रामुख्याने शासनाविरुद्ध वापरता येतो, त्यामुळे एका घरमालकाविरुद्ध केवळ त्याच्या बळावर फार पुढे जाता येईल असे नाही. मात्र घराच्या आतल्या कॅमेऱ्यांबाबत कोलकाता उच्च न्यायालयाचा २०२५ मधील निकाल तुमच्या प्रश्नाच्या बराच जवळ येतो. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या त्या वादात, राहत्या भागात सहरहिवाशाच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवणे हा त्याच्या खासगीपणाचा भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. ते दोघे भाऊ होते, त्यांच्यात पेइंग गेस्ट कुणी नव्हते. म्हणून तो निकाल तुम्हाला थेट लागू होईलच असे मी म्हणणार नाही. पण जिथे माणूस राहतो, जेवतो आणि झोपतो, तिथल्या कॅमेऱ्याला त्या माणसाची संमती हवी, हा त्यातला विचार तुमच्या बाजूचा आहे.

आता फौजदारी बाजू. हॉलमध्ये उघडपणे लावलेला कॅमेरा हा आपोआप गुन्हा ठरत नाही. परंतु खोली किंवा बाथरूम अशा, खासगीपणाची रास्त अपेक्षा असलेल्या जागी स्त्रीला विवस्त्र वा अंतर्वस्त्रांतील अवस्थेत किंवा शौचालयात असताना पाहणे अथवा तिचे चित्रण करणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्या दोषसिद्धीला किमान एक आणि कमाल तीन वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. म्हणून तुमच्या खोलीचे दार उघडे असताना त्या कॅमेऱ्याला आतले किती दिसते, हे तुम्ही आजच पाहायला हवे. काकांच्या फोनवर चित्र येत असेल, तर त्यांनाच ते दाखवायला सांगा. स्वतःच्या बाथरूमचा बोळ पडद्यावर पाहिल्यावर काकूंनाही तो कदाचित प्रथमच खटकेल, कारण तिथून त्याही रोज येतात-जातात.

कॅमेऱ्याविषयी थोडे तपशिलात सांगते, कारण ‘कॅमेरा काढा’ एवढीच मागणी केलीत तर ‘काढता येणार नाही’ एवढेच उत्तर येईल. घरात वापरल्या जाणाऱ्या अशा बहुतेक फिरत्या कॅमेऱ्यांत मायक्रोफोन असतो. बोळातून जाताना तुम्ही दिसता तेवढ्याच क्षणापुरत्या. आवाज मात्र दाराआडूनही जाऊ शकतो, आणि दार लोटून आईशी बोलत असताना तुमचे बोलणे कॅनडात ऐकू जाणे हे मला चित्रापेक्षाही गंभीर वाटते. ध्वनिमुद्रण ॲपमधून सहसा वेगळे बंद करता येते. हालचालीमागे आपोआप वळण्याची सोय असेल, तर तीही बंद करता येते. रात्री दीड वाजता तो तुमच्यामागे फ्रीजपर्यंत वळला असेल, तर बहुधा याच सोयीमुळे. बऱ्याच ॲपमध्ये चित्राचा ठरावीक भाग काळा करता येतो आणि ठरावीक वेळी कॅमेरा बंद ठेवण्याचे वेळापत्रकही लावता येते. चित्रण मेमरी कार्डवर साठते की कंपनीच्या क्लाउडवर, किती दिवस राहते आणि ॲप कुणाकुणाच्या फोनवर आहे, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलाची बाजूही समजून घेतली पाहिजे. ज्येष्ठ माणसे रात्री बाथरूमला उठताना पडतात. बोळाकडे कॅमेरा वळवण्यामागे बहुधा हीच भीती असेल. तेव्हा त्या भीतीवर दुसरा उपाय सुचवलात, तर बोलणे भांडणाकडे जाणार नाही. बोळात माणसाची चाहूल लागताच लागणारा छोटा दिवा, बाथरूममध्ये हाताला येईल अशी घंटा आणि भिंतीला पकडायची दांडी, या तीन गोष्टी पडणे टाळण्याच्या व वेळेवर मदत मिळण्याच्या दृष्टीने कॅमेऱ्यापेक्षा अधिक उपयोगी आहेत, कारण माणूस पडल्यानंतरचे तेवढे कॅमेरा दाखवतो आणि तेही कुणी पाहत असेल तर. कॅमेरा मुख्य दाराकडे वळला तर चोरीची काळजीही मिटते. तुम्ही घरी असताना काका-काकूंना काही झाले, तर मुलाला पहिला फोन तुम्हीच करणार आहात, हेही त्याला सांगा.

बोलताना आधी काकूंशी बोला, मग एखाद्या रविवारी तिघे मिळून दादाला फोन लावा. शब्द साधे ठेवा : ‘काकू, तुम्ही मला घरच्यासारखं वागवता, म्हणूनच मोकळेपणी सांगते. अंघोळीहून येताना कॅमेऱ्यासमोरून यायला मला फार संकोच वाटतो. तो दाराकडे वळवू या आणि त्यातला आवाज बंद ठेवू या. दादांशी मी बोलते.’ आरोप नको, पण ‘चालेल का’ असेही विचारू नका; विचारलेत की ‘अगं, त्यात काय एवढं’ हे उत्तर ठरलेले असते. फोन झाल्यावर ठरलेल्या गोष्टी त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर नम्रपणे लिहून पाठवा आणि त्याच संदेशात अनामतीची रक्कम व ती दिल्याची तारीखही लिहा. त्यावर काकांचे नुसते ‘ठीक आहे’ आले, तरी रोख दिलेल्या पैशांचा काहीतरी लेखी पुरावा तुमच्याजवळ राहील. पुढचे भाडे बँकेतून किंवा यूपीआयने द्या.

किल्लीचा प्रश्न मला कॅमेऱ्यापेक्षा सोपा वाटतो. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २८ नुसार मालकाला जागा पाहण्याचा अधिकार आहे, पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन. आणि त्यात भाडेकरू व लायसन्सी यांच्याबरोबर ‘भोगवटादार’, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणारी व्यक्ती, हाही शब्द आहे. पाहणीच्या या अधिकारात कपाट उघडणे येत नाही. काकूंच्या आवराआवरीत माया असेल, तरीही खोली तुम्हीच आवराल असे सांगा आणि कपाटाला कुलूप लावा. आणीबाणीसाठी दुसरी किल्ली त्यांच्याकडे असू द्या, मात्र ती वापरण्याआधी एक फोन करायचा, असे ठरवून घ्या.

एवढे करूनही कॅमेरा आहे तिथेच राहिला, तर तुमच्यासाठी खोली बदलणेच योग्य ठरेल. मायेची माणसे सोडून जाणे जड जाईल, हे मला कळते. पण वर्षभर आपल्याच दारातून चोरासारखे ये-जा करण्याचा मनावर होणारा परिणाम त्याहून वाईट असतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. ठाण्यात एकटी राहते आणि एक खोली दोन विद्यार्थिनींना देते. मागे घरातून दागिने गेले, तेव्हापासून कॅमेरा लावायचा विचार आहे. मुलींची तक्रार येऊ नये म्हणून काय करावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : कॅमेरा बसवण्याआधी तुम्ही हा प्रश्न विचारलात, याचे मला मनापासून कौतुक वाटते. कॅमेरा मुख्य दारावर लावा. आत येणारा-जाणारा प्रत्येक जण तिथे दिसतो आणि त्यापलीकडे घरात पाहण्याची चोरी रोखण्यासाठी गरज उरत नाही. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि तुमच्या खोलीच्या दाराला चांगले कुलूप बसवा. मुलींना कॅमेरा दाखवा, त्यात काय दिसते तेही दाखवा आणि करारात एक ओळ घाला : कॅमेरा कुठे आहे, आवाज बंद आहे, चित्रण इतके दिवस राहील आणि ते मालकांशिवाय कुणी पाहणार नाही. बाहेरच्या दारावरचा कॅमेरा शेजाऱ्यांच्या दारात डोकावत नाही ना, हेही पाहा. जिना आणि पॅसेज सामाईक असल्याने सोसायटीला लेखी कळवणे बरे. भाडेकरूंची माहिती पोलिसांना कळवणे राहिले असेल, तर तेही करून टाका. मुलींकडून आधार घेताना फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी मास्क्ड प्रत घ्या. ओळख पटवायला ती पुरते.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला शिकतो आणि मालकांच्याच घरात वरच्या खोलीत राहतो. वायफाय त्यांचे आहे. मी काय पाहतो ते त्यांना कळते का? आणि खोलीत छुपा कॅमेरा असेल अशी शंका आली, तर मुलांसाठी काही कायदा आहे का?
– एक विद्यार्थी

उत्तर : राउटर ज्याच्या हाती आहे, त्याला तुमचा फोन केव्हा जोडला गेला आणि किती डेटा वापरला हे दिसू शकते; तशी व्यवस्था केली असेल, तर तुम्ही कोणत्या संकेतस्थळांवर गेलात हेही कळू शकते. संदेशांतला मजकूर किंवा बँकेचा पासवर्ड मात्र सहसा दिसत नाही, कारण हल्ली बहुतेक संकेतस्थळे आणि ॲप मजकूर सांकेतिक रूपात पाठवतात. महत्त्वाच्या कामांसाठी स्वतःचा मोबाइल डेटा वापरा.

भारतीय न्याय संहितेचे वर सांगितलेले कलम ७७ फक्त स्त्रियांना संरक्षण देते, ही त्या कायद्यातली उणीव आहे. परंतु माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ई खाली कोणत्याही व्यक्तीच्या शरीराच्या खासगी भागाचे संमतीशिवाय चित्रण करणे वा ते पसरवणे हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हे कलम मुलांनाही तितकेच लागू आहे.

शंका आली असेल तर रात्री खोली पूर्ण अंधारी करून फोनचा टॉर्च डोळ्यांजवळ धरा आणि भिंती, घड्याळ, स्मोक डिटेक्टर, कुणी लावला ते माहीत नसलेला चार्जर यांवर सावकाश फिरवा. भिंग असेल तिथे बारीक ठिपका चमकतो. अंधारात चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यांचे अवरक्त दिवे फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात पुष्कळदा जांभळट पांढरे दिसतात. काही सापडलेच, तर ते उपटू नका आणि मालकांना जाबही विचारू नका, नाहीतर मेमरी कार्ड नाहीसे होईल. जागेसह फोटो आणि व्हिडिओ काढा, त्यावर कापड टाका, कुणाला तरी सोबतीला बोलवा आणि ११२ वर फोन करा. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचे कारण सांगून परत पाठवले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ कडे बोट दाखवा. तक्रार मुलीची असेल आणि ती कलम ७७ खाली असेल, तर ती महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा अन्य महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते.