उपकरण आपले, मालकी कोणाची?

डॉक्टर, सस्नेह नमस्कार.

आपण विद्यापीठाचे पगारी प्राध्यापक आहात आणि रुग्णालयात मानद शल्यचिकित्सक आहात. शस्त्रक्रियेतील रक्तस्राव मोजणारे उपकरण आपण एका पीएचडीच्या विद्यार्थिनीबरोबर घडवले, आणि आता 'सर्व हक्क याद्वारे हस्तांतरित करीत आहे' असा कागद रुग्णालयाने स्वाक्षरीसाठी पाठवला आहे. या कागदावर तूर्त स्वाक्षरी करू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

रुग्णालय आपले नियोक्ता नाही. शस्त्रक्रियागृह आणि रुग्णांच्या नोंदी पुरवल्याने कोणी शोधाचा कर्ता ठरत नाही. तेव्हा त्यांचा दावा प्रामुख्याने या स्वाक्षरीवर, किंवा मानद नियुक्ती स्वीकारताना आपण मान्य केलेल्या नियमावलीवरच उभा राहू शकतो. ती नियमावली आधी मिळवावी.

विद्यापीठाचा दावा अधिक गंभीर आहे, तरीही तो आपोआप सिद्ध होतो असे नाही. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठाने शल्यचिकित्सेचे प्राध्यापक ब्रूस ग्रे यांच्याविरुद्ध लावलेल्या खटल्यात 2009 साली तेथील संघीय न्यायालयाच्या पूर्णपीठाने असे ठरवले, की संशोधन करण्याचे कर्तव्य म्हणजे शोध लावण्याचे कर्तव्य नव्हे, आणि विद्यापीठ हरले. जर्मनीत मात्र आपल्या शोधाची मालकी स्वतःकडे ठेवण्याची प्राध्यापकांना असलेली जुनी सवलत 2002 मध्ये रद्द झाली. म्हणून आपल्याला लागू असलेला कायदा आणि नियुक्तिपत्रातील नेमके शब्द हेच निर्णायक ठरतील.

शब्दांचे महत्त्व किती, हे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या खटल्यात दिसले. त्यांच्या संशोधकाने विद्यापीठाला 'हस्तांतर करण्याचे मान्य करतो' असे लिहून दिले होते, आणि पुढे प्रयोगासाठी एका कंपनीत जाताना 'याद्वारे हस्तांतरित करतो' अशा कागदावर स्वाक्षरी केली. पहिले निव्वळ भविष्यातील वचन ठरले आणि दुसऱ्याने हक्क प्रत्यक्ष गेला. 2011 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही विद्यापीठाच्या पदरी अपयशच आले. आपल्यापुढील मसुद्यात हीच दुसरी शब्दरचना आहे. नियुक्तिपत्राने तोच हक्क आपण आधी विद्यापीठाला देऊन बसला असाल, तर एकच वस्तू दोघांना दिल्याचा ठपका आपल्यावर येईल.

विद्यार्थिनीविषयी मला विशेष काळजी वाटते. मोजणीची मूळ कल्पना तिची असल्याचे आपणच लिहिले आहे. मग ती सहशोधक आहे, आणि आपल्या स्वाक्षरीने तिचा हिस्सा कोणाकडेही जात नाही. तिने स्वतःचा स्वतंत्र वकील गाठावा, असे आपणच तिला सांगावे.

पुढील महिन्यातील परिषदेत सादरीकरण करण्यापूर्वी पेटंटचा अर्ज दाखल व्हायलाच हवा, कारण अनेक देशांत आधीच्या जाहीर वाच्यतेने शोधाचे नावीन्य संपते. मालकीचा वाद तोवर मिटला नाही, तर हक्क राखून ठेवल्याचे विद्यापीठ, रुग्णालय आणि विद्यार्थिनी या तिन्ही पक्षांकडून लेखी घेऊन अर्ज करावा.